पितों दे नेज (रियुनियन बेट): उतरताना गुडघा दुखतो, तरी शिखर जमेल का?

भूगोलाच्या_बाई · ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

मी सिन्नरची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, वय ५२. कळसूबाई अकरा वेळा झालंय, त्यातलं चार वेळा मुलींची सहल घेऊन. साल्हेर, हरिश्चंद्रगड, रतनगड हेही पायाखालचे. दोन वर्षांपूर्वी रतनगड उतरताना उजवा पाय मुरगळला आणि तेव्हापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. चढताना काही होत नाही, सपाटीवर आठ-दहा किलोमीटर सहज चालते. उतार लागला की तासाभराने ठणका सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नको, मांडीचे स्नायू बळकट करा. तो व्यायाम रोज चालू आहे.

मुलगा वर्षभरापासून मॉरिशसला नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जाणार. तिथून रियुनियन बेट विमानाने जेमतेम पाऊण तासावर, आणि त्या बेटाच्या मधोमध पितों दे नेज उभा आहे. उंची ३,०७० मीटर. अख्ख्या हिंदी महासागरात त्याच्याहून उंच शिखर नाही. सुप्त ज्वालामुखी आहे, शेवटचा उद्रेक साधारण बारा हजार वर्षांपूर्वीचा मानतात.

आता हाच डोंगर का, ते सांगते. सव्वीस वर्षं मी वर्गात शिकवते की आपलं दख्खनचं पठार लाव्हाचे थर एकावर एक साचून झालं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. दरवर्षी एखादी तरी मुलगी हात वर करते, ‘बाई, मग ती आग गेली कुठे?’ मग मी फळ्यावर भारत काढते आणि त्याच्या खाली खडूची एक रेघ ओढत जाते. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. आग जागच्या जागीच राहिली, वरचा भूपट्ट सरकत गेला. आपण उत्तरेला निघून आलो आणि ती आता त्या बेटाखाली आहे. त्या रेघेच्या टोकावर मला एकदा पाय ठेवायचा आहे. निवृत्तीपर्यंत थांबले तर गुडघा थांबेल की नाही, सांगता येत नाही.

तेव्हा ज्यांनी हा डोंगर केला असेल त्यांनी कृपया सांगा. एका दिवसात जाऊन येणं झेपेल की वर मुक्काम करावा? उतार कसा आहे, पायऱ्या की घसारा (पाय सरकणारी सुटी खडी)? मी मांसाहार करत नाही, वर खायला काय मिळेल? मुलगा सोबत असेल, पण त्याला डोंगराची सवय नाही.

कातळवाट · १० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

बाई, नमस्कार. मी कराडचा. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा मेहुणा गेलो होतो. आम्ही हा डोंगर दोनदा चढलो, कारण पहिल्यांदा हरलो. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी छातीठोक देऊ शकतो: मुक्काम करा. एका दिवसाचा विचार डोक्यातून काढून टाका.

आधी आकडा ऐका. सगळ्यात जवळची वाट सिलाओस गावाजवळच्या ल ब्लोक नावाच्या जागेवरून सुटते. ती जागा सुमारे १,३८० मीटरवर. म्हणजे शिखरापर्यंत नुसती चढाईच जवळपास १,७०० मीटर झाली. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६. कोणी समुद्राच्या लाटेत उभं राहून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत चढावं, त्याहून ही चढाई थोडी जास्तच आहे. आणि तेवढंच उतरायचं. तुमचा गुडघा उतारावर दुखतो, म्हणून हे आधी सांगतोय.

पहिल्या वेळी आम्ही शहाणपणा केला तो असा की पहाटे चारला ल ब्लोकहून निघायचं, दहाला शिखर, दुपारी खाली. आमच्या पायांचा दम चांगला आहे, तोरणा-राजगड एका दिवसात करणारी माणसं. पण त्या बेटाचं हवामान आपल्या पायांना विचारत नाही. सकाळी आकाश धुतल्यासारखं असतं, आणि नऊ-दहा वाजले की समुद्राकडून ढग चढायला लागतात. जवळजवळ रोज. आम्ही द्युफूरच्या झीतपाशी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. (झीत म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, २,४७८ मीटरवर आहे.) तिथून पुढे निघालो आणि पाऊण तासात इतकं धुकं आलं की पुढच्या दगडावरची पांढरी खूण दिसेना. वारा असा की मेहुण्याची कानटोपी उडाली ती गेलीच. मग पाऊस. आम्ही एका कातळाच्या आडोशाला वीस मिनिटं बसलो, एकमेकांकडे पाहिलं आणि मागे फिरलो. उतरताना भिजलेल्या पायऱ्यांवर मेहुणा तीनदा घसरला. खाली आलो तेव्हा त्याच्या पिंडऱ्या थरथरत होत्या.

तीन दिवसांनी पुन्हा गेलो, या वेळी झीतमध्ये रात्र काढून. तो प्रवास सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला तसाच करायचा आहे.

सिलाओसहून सकाळी आरामात निघा. सुरुवातीला लावलेल्या जपानी देवदारांचं रान लागतं. खाली सुया पसरलेल्या, पाऊल मऊ पडतं, वास कापरासारखा. इथे वाटेल की सोपं आहे. मग वाट उभी राहते ती झीतच्या थोडं अलीकडेपर्यंत उभीच राहते. पायऱ्या आहेत, पण आपल्या गडांच्या नाहीत. लाकडाचे ओंडके आडवे ठोकून मागे माती भरलेली. पावसाने माती वाहून गेलीय आणि ओंडका तसाच राहिलाय, त्यामुळे पायरी गुडघ्याएवढी उंच होते. मध्ये पेती मातारम नावाचं लहानसं पठार येतं. तिथे बसा, खा, पाय मोकळे करा. त्यापुढे देशी रान सुरू होतं, शेवाळाने लगडलेली वाकडी झाडं. जसजसे वर जाल तशी झाडं बुटकी होत जातात आणि शेवटी फक्त ब्रांल उरतं. ब्रांल म्हणजे तिथलं झुडूप, बारीक पानांचं, आपल्या कारवीसारखं उतार धरून असतं.

एक पक्षी भेटेल. चिमणीएवढा, नर पक्ष्याच्या छातीवर नारिंगी डाग. तेक-तेक म्हणतात त्याला, आवाजही तसाच काढतो, दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा. जगात फक्त त्याच बेटावर आहे. माणसाला अजिबात घाबरत नाही. आम्ही दम खायला थांबलो की हा समोरच्या ओंडक्यावर येऊन उभा, निघालो की पुढच्या ओंडक्यावर. मेहुणा पक्ष्यांकडे ढुंकून न पाहणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने त्याच्यासाठी तीन वेळा थांबायला लावलं.

आम्हाला ल ब्लोकपासून झीतपर्यंत साडेतीन तास लागले. तुम्ही पाच धरा. घाई काय आहे? पुढे संध्याकाळपर्यंत कामच नाही.

झीतमध्ये मोठ्या खोल्या, एकावर एक पलंग, ब्लँकेट देतात. गरम पाण्याची अपेक्षा ठेवू नका. जागा खूप आधी आरक्षित करावी लागते, ते आजच करा. आरक्षण करतानाच मांस-मासे नको असं लिहून कळवा. आणि जेवणाची काळजी अजिबात करू नका. रात्री भात आला आणि त्यावर सिलाओसची डाळ. अहो, ती डाळ म्हणजे बारीक मसूर! अख्खा, सालासकट, लसूण-कांद्यात शिजवलेला. मी कराडचा, इस्लामपूर माझ्या घरापासून तासाभरावर, अख्खा मसूर खात मोठा झालेला माणूस. अडीच हजार मीटरवर, परक्या बेटावर, ताटात तो वास आला तेव्हा मला पुढे काही बोलता येईना. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा असतो, ते त्याला रुगाय म्हणतात.

आठला दिवे बंद. साडेतीनला सगळे उठतात. पुढचे सहाशे मीटर अंधारात, कपाळावर विजेरी बांधून. इथे झाडं संपलेली. मोठे कातळ, त्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा, आणि शेवटच्या टप्प्यात तांबडा-काळा घसारा. तुमच्या पुढे-मागे विजेऱ्यांची माळ दिसत राहते, त्यामुळे चुकायची भीती कमी. दोन तास धरा, तुम्ही अडीच धरा. मे महिन्यात पहाटे थंडी शून्याच्या आसपास जाते आणि वर वारा. चढताना घाम येईल म्हणून कमी कपड्यांत निघाल आणि शिखरावर बसल्या जागी काकडाल. कोरडा बनियन, स्वेटर, विंडचीटर, हातमोजे पिशवीत वेगळे ठेवा आणि वर पोचल्या पोचल्या बदला.

वर खळगा शोधू नका. ज्वालामुखी म्हटलं की लोक वाडग्यासारखं विवर डोळ्यांपुढे आणतात, इथे तसं काही उरलेलं नाही. तीन बाजूंना तीन प्रचंड दऱ्या आहेत: मफात, सालाझी, सिलाओस. तुम्ही त्या तिघींच्या मधल्या टोकावर उभे असता.

उतारासाठी: दोन काठ्या, एक नव्हे. आणि शिखरावरून थेट ल ब्लोकपर्यंत धावत सुटू नका. झीतला येऊन तासभर आडवे व्हा, चहा-नाश्ता करा, मगच पुढे. काही शंका असेल तर विचारा, फोनवरही बोलू.

ठाणेकर_नितीन · १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

ताई, एक वेगळा सल्ला देऊ का? त्याच बेटावर पितों द ला फुर्नेझ आहे, २,६३२ मीटर, आणि तो जिवंत आहे. जगातल्या सगळ्यात जास्त वेळा फुटणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. गाडी बेलकोंबच्या खिंडीपर्यंत जाते, वाटेत मंगळावर आल्यासारखं पठार लागतं. खिंडीतूनच समोर अख्खा डोंगर दिसतो. गुडघ्याला त्रास शून्य. मी कुटुंबासोबत गेलो होतो, माझी आई ६८ वर्षांची, तिनेही पाहिला. तुमची ‘आग’ तर तिथे आहे. ती सोडून विझलेल्या डोंगरासाठी १,७०० मीटर कशाला चढता? गुडघा एकदा गेला की परत येत नाही, हे आईच्या शस्त्रक्रियेनंतर मी जवळून पाहिलंय.

भूगोलाच्या_बाई · १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

कातळवाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मुलाला वाचून दाखवला. झीतच्या आरक्षणाची विनंती आजच पाठवली.

नितीनदादा, तुमची काळजी पोचली, आणि फुर्नेझ मी पाहणारच आहे. पण मी झोपलेल्या डोंगराकडे का जाते, ते मनापासून सांगते.

आपला सह्याद्री कसा झाला? लाव्हाने थर रचले हे अर्धंच झालं. लाव्हा थांबल्यावर पावसाने जे केलं ते उरलेलं अर्धं. कडे, घळी, सुळके, कोकणकडा हे सगळं कापण्याचं काम आहे. फुर्नेझ अजून रचतो आहे. पितों दे नेजचं रचणं थांबलंय आणि कापणं जोरात चालू आहे. कातळवाट म्हणतात त्या तीन दऱ्या म्हणजे विवरं नव्हेतच. डोंगराच्या कुशी ढासळल्या आणि पावसाने त्या पोखरत नेल्या. पाऊसही कसा! जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळात त्या बेटावर फोक-फोक नावाच्या जागी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो जागतिक उच्चांक आहे. आमच्या कोरड्या सिन्नरला एवढा पाऊस पडायला काही वर्षं लागतात.

म्हणजे सह्याद्री कोवळा असताना कसा दिसत असेल, ते बघायचं तर पितों दे नेजवर. तो डोंगर समुद्राबाहेर येऊन वीस-तीस लाख वर्षं झाली असतील, आपल्या डोंगरांपुढे तान्हं बाळ. आणि त्याचा मोठा भाग पाण्याखालीच आहे. समुद्रतळापासून मोजलं तर उंची सात हजार मीटरच्या घरात जाते.

शिवाय ‘विझलेला’ म्हणताना मी जरा थांबेन. सिलाओसला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांवर न्हाणीघर बांधलंय. आत ऊब आहे अजून.

कातळवाट, एक विचारायचं राहिलं. वरचा दगड कसा आहे? हातात घेतला होतात का?

कातळवाट · ११ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

घेतला होता बाई. तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं.

शिखराच्या थोडं खाली मी बूट झाडायला बसलो, तेव्हा विजेरीच्या उजेडात एक दगड उचलला. मुठीएवढा, विटेच्या रंगाचा. दिसायला जड, हातात एकदम हलका. सगळा भोकाभोकांचा, बाजरीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या भोकांपर्यंत. कडा इतक्या धारदार की अंगठ्याला ओरखडा उठला. आमच्याकडे सदाशिवगडावर असाच भोकांचा कातळ आहे, पण त्यातली भोकं भरलेली असतात. पांढरे, हिरवट खडे. लहानपणी आम्ही ते खिळ्याने उकरून काढायचो. इथे सगळी भोकं रिकामी. मी भोकांत फुंकर मारली तर धूळ उडाली.

दगड तिथेच ठेवला. राष्ट्रीय उद्यान आहे, काही उचलून आणायचं नसतं.

भूगोलाच्या_बाई · ११ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मधल्या सुट्टीत वाचलं आणि तसंच वर्गात जाऊन सांगितलं. लाव्हातून वायू निसटताना ती भोकं होतात. आपल्या दगडांतून कोट्यवधी वर्षं पाणी झिरपलं, त्या पाण्याने आणलेली खनिजं भोकांत साचली, तेच तुम्ही उकरलेले पांढरे खडे. तुमच्या हातातला दगड इतका नवा की पाण्याला अजून वेळच मिळालेला नाही. फार छान सांगितलंत.

मोकाची_लेक · १२ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार. मी मॉरिशसची. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर कामाला आले. मराठी मी शाळेत शिकले आणि आजीकडून ऐकली, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाई, तुमचं मॉरिशसमध्ये स्वागत. दोन-तीन गोष्टी सांगते. पहिली, तुमचा मुलगा इथेच आहे तर त्याला आत्तापासून डोंगरावर चालवा. ल पूस म्हणजे आमचा ‘अंगठा’, ८१२ मीटर. दर रविवारी एकदा. तो जमला की पितों दे नेजची भीती कमी होईल. क्युरपीपला त्रू ओ सेर्फ आहे, तेही ज्वालामुखीचं विवर, आता आत झाडं आणि मधे पाणी. कडेने गोल रस्ता आहे, संध्याकाळी लोक फिरायला येतात. कातळवाट म्हणाले ना की पितों दे नेजवर वाडगा नाही, तो वाडगा तुम्हाला इथे बघायला मिळेल.

दुसरी, रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, पैसे युरो, बोलणं फ्रेंच आणि क्रेओल. पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, ते येत नाही. म्हणून युरोपचा व्हिसा असला की झालं, असं समजू नका. मुलाला नीट चौकशी करायला सांगा, वेळ लागतो.

तिसरी, गरम कपडे सिन्नरहूनच आणा. आमच्या दुकानांत समुद्रकिनाऱ्याचे कपडे मिळतात, हातमोजे शोधून दमाल.

सिलाओसचा रस्ता चारशेच्या वर वळणांचा आहे. मला उलटी झाली होती. आलं चघळत जा. आणि सिलाओस या नावाचा अर्थ माझ्या मैत्रिणीने तिथे सांगितला तो असा: मलागासी भाषेत ‘जिथून कोणी निघून जात नाही अशी जागा’. मळ्यांतून पळालेले गुलाम या दऱ्यांत येऊन लपायचे, १८४८ मध्ये तिथे गुलामगिरी संपली तोपर्यंत. मी ऊसमळ्यावर आलेल्या माणसांची खापरपणती, मला त्या कड्यांकडे बघताना पोटात काहीतरी हललं. तुम्हीही वर चढताना एकदा मागे वळून त्या भिंतींकडे बघा.

आणि पहाट अगदी स्वच्छ मिळाली तर ईशान्येला आमचं बेट दिसतं.

ठाणेकर_नितीन · १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

ताई, तुमचं उत्तर पटलं. मग एवढं तरी करा, दोन महिने रोज जिना उतरायचा सराव. चढायचा नाही, उतरायचा. आईच्या फिजिओथेरपिस्टने तेच सांगितलं होतं. पाऊल सावकाश टेकवायचं, आवाज होता कामा नये.

भूगोलाच्या_बाई · ८ जून, रात्री ९:१५

मंडळी, जाऊन आले. शिखर झालं. उशिरा लिहिते आहे, कारण आल्या आल्या घरात लग्नकार्य होतं.

तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं केलं. नितीनदादा, शाळेच्या तीन मजल्यांचा जिना मी अडीच महिने रोज चार वेळा उतरले, पाऊल न वाजवता. मुली बघायच्या आणि मागोमाग तशाच उतरायच्या. मुलाने ल पूस सहा वेळा केला.

ल ब्लोकहून सकाळी आठला निघालो, झीतला दीडला पोचलो. साडेपाच तास. ओंडक्यांच्या पायऱ्या तशाच आहेत. पेती मातारमला आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली, भाकरी मी मॉरिशसहून निघण्याआधी भाजलेली, दगडासारखी झाली होती, पण गोड लागली. तेक-तेक आला, नारिंगी डागाचा. मुलाने त्याला हात पुढे केला, तो उडाला नाही, फक्त मान वाकडी करून बघत राहिला.

मसूर मिळाला. कातळवाट, तुमची आठवण काढून दोनदा भात घेतला. खाली सिलाओसहून दोन किलो मसूर आणलाय, अर्धा किलो तुमच्यासाठी काढून ठेवलाय. पत्ता कळवा.

रात्री झोप लागली नाही. थंडीने नव्हे. पहाटे तीनला बाहेर आले तर आकाशात त्रिशंकू, तो दक्षिणेकडचा तारकासमूह, चांगला वर, डोळ्यांपुढे. आपल्याकडे तो क्षितिजालगत रेंगाळतो. खाली सिलाओसचे दिवे एका खोल भांड्यात सांडल्यासारखे, आणि त्यापलीकडे किनाऱ्याच्या दिव्यांची किनार.

वरचा टप्पा सव्वातीन ते पावणेसहा. मुलाची विजेरी मध्येच मंद झाली, मग तो माझ्या पावलात पाऊल टाकत आला. लहानपणी कळसूबाईच्या शिड्यांवर मी त्याच्या मागे असायचे, दोन्ही बाजूंना हात धरून. या वेळी मी पुढे होते आणि सारखी मागे वळून उजेड धरत होते. शेवटच्या घसाऱ्यावर दोन पावलं वर, एक खाली. तिथे मी बसून घेतलं. पाच मिनिटं. मागून एक फ्रेंच आजी आल्या, माझ्याहून मोठ्या असतील, त्यांनी काही न बोलता खजूर पुढे केला. मग उठले.

उजेड झाला तेव्हा पूर्वेला ढगांचा सपाट समुद्र. सूर्य वर आला आणि मुलगा म्हणाला, ‘आई, मागे बघ.’ पश्चिमेला डोंगराची सावली पडली होती. ढगांवरून, खाली समुद्रावरून, दूर क्षितिजापर्यंत गेलेला एक निळा त्रिकोण. ज्या टोकावर आपण उभे आहोत ते टोक तिथे समुद्रात दिसतं आहे. सूर्य चढेल तशी सावली आखडत जवळ येत होती. इतकी वर्षं शिकवलेलं, पृथ्वी फिरते हे, मी उभ्या उभ्या डोळ्यांनी पाहिलं.

मोकाच्या लेकी, ईशान्येला ढग होते. तुझं बेट दिसलं नाही. पण त्या दिशेला तोंड करून आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो. आणि उतरताना मी मफातच्या कड्यांकडे वळून पाहिलं. अजूनही त्या दरीत गाडीरस्ता नाही, माणसं चालत जातात आणि सामान हेलिकॉप्टरने येतं. पळून आलेल्या माणसांनी ही भिंत कशी उतरली असेल, पाठीवर मूल घेऊन, रात्रीची?

उतार. यासाठीच धागा काढला होता, तर नीट लिहिते. शिखर ते झीत दोन तास दहा मिनिटं, दोन काठ्या, काही त्रास नाही. झीतला दीड तास आडवी झाले, गुडघ्यावर नळाच्या गार पाण्याची पट्टी. तिथून पेती मातारमपर्यंत ठीक. त्याखाली दुखायला लागलं. उंच ओंडका आला की तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरावी तशी उतरले. त्याने वेळ जातो, पण गुडघ्यावर भार कमी येतो. ही युक्ती ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी जरूर वापरा. झीत ते ल ब्लोक मला पाच तास लागले, म्हणजे चढायला लागले जवळजवळ तेवढेच. खाली पोचलो तेव्हा ढग उतरले होते आणि देवदारांत भुरभुर सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी सिलाओसच्या गरम झऱ्याच्या न्हाणीघरात अर्धा तास पाय सोडून बसले. तिसऱ्या दिवशी बिनतक्रार चालत होते.

दगड हातात घेतला, फुंकर मारली, धूळ उडाली, जागेवर ठेवला. पण त्याआधी मुलाने त्याचा फोटो काढला. आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी ठेवायचं असतं, तर माझ्या जाकिटाच्या खिशात शाळेतला खडू निघाला, अर्धा झिजलेला. तोच ठेवला. फोटो उद्या मुलाकडून मागवून इथे चढवते.

कातळवाट, पत्ता विसरू नका. मसूर पावसाच्या आत पोचला पाहिजे.